पेटीत पडण्याआधी

मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू यरुशलेमच्या मंदिरात दानपेट्यांसमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहतो आहे. श्रीमंत पुष्कळ टाकतात. मग एक गरीब विधवा येते आणि दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकून जाते. येशू शिष्यांना जवळ बोलावून सांगतो की हिचं दान सगळ्यांहून मोठं, कारण बाकीच्यांनी भरल्या घरातून दिलं आणि हिने पोटापुरतं होतं तेच देऊन टाकलं. दानावरची आपल्याकडची बहुतेक प्रवचनं या गोष्टीने सुरू होतात आणि इथेच संपतात. पाळकसाहेब पुस्तक मिटतात, गीत सुरू होतं, अर्पणाची थैली ओळीओळीने फिरू लागते.

या गोष्टीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या ओळी मात्र क्वचित वाचल्या जातात. अलीकडे येशू शास्त्र्यांवर तुटून पडला आहे. लांब झगे घालून मिरवणारे, मेजवानीत मानाची जागा धरणारे आणि विधवांची घरं गिळणारे लोक, असं त्यांचं वर्णन आहे. पलीकडे, तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच, या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असं तो सांगतो. घरं गिळणारे एका बाजूला, कोसळणार असलेलं मंदिर दुसऱ्या बाजूला आणि मधे ही बाई. 1982 साली अॅडिसन राइट या बायबल-अभ्यासकाने एका लेखात विचारलं की येशू इथे तिचं कौतुक करतो आहे की तिच्यासाठी हळहळतो आहे? तेव्हापासून या दोन टोल्यांवरचा वाद मिटलेला नाही, आणि मिटावा असं मला वाटतही नाही. तिचं देणं मनापासून होतं याबद्दल शंका नाही. पण तिच्या हातात दोनच टोल्या का उरल्या होत्या, हे विचारल्याशिवाय तिची गोष्ट पूर्ण सांगून होत नाही.

प्रस्तुत संग्रहातले लेख या दोन प्रश्नांमध्ये फिरतात. सर्वस्वाने देणं म्हणजे काय, हा एक. आणि दिलेलं कुठून आलं, त्यासाठी झिजलं कोण, हा दुसरा. पहिल्यावर मराठीत भक्तिपर लेखन भरपूर आहे. दुसऱ्यावर फार थोडं आहे, आणि ते थोडं नेमकं वर्ध्याच्या मातीत घडलेल्या विचाराजवळ येऊन थांबतं. हा संग्रह वर्धा जिल्ह्यातून निघावा हे म्हणून योग्य वाटतं. या विषयाशी पूर्वी संबंध न आलेल्या वाचकासाठी, तो ख्रिस्ती असो वा नसो, आधी सगळा मुलूख एकदा दाखवतो.

सुरुवात शेतापासून करावी लागते, कारण जुन्या कराराची सुरुवात तिथेच आहे. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, सगळ्यांना ठाऊक असतो. अनुवादाच्या पुस्तकात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश मंदिरसेवक लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवायला सांगितला आहे, हे तितकं ठाऊक नसतं. त्याहून महत्त्वाचा नियम लेवीय पुस्तकात आहे. पीक कापताना शेताच्या कडा कापायच्या नाहीत, पडलेली कणसं उचलायची नाहीत, ती गरिबाची आणि परक्याची. रूथ बवाजाच्या शेतात गेली ती याच हक्काने. हंगाम उरकल्यावर दुसऱ्याच्या वावरात सरवा वेचणाऱ्या बाया आपल्याकडे ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. या नियमातली मेख अशी की कडेचं पीक मालकाच्या घरी येतच नाही. त्याने ते दिलं असं म्हणायची सोय नाही, ते त्याचं नव्हतंच. पुढे सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्याचा आणि पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराण्याला परत करण्याचा नियम येतो. हे नियम प्रत्यक्षात किती पाळले गेले याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी नियम करणाऱ्यांना देण्याची सुरुवात कुठे होते हे नेमकं कळलं होतं.

नव्या करारात दशमांशाचा उल्लेख फारच थोडा आहे, आणि असतो तिथे सूर तिखट असतो. पुदिना, शेप आणि जिरं यांचाही दशमांश मोजून देणारे न्याय आणि दया विसरले, असं येशू सुनावतो. जक्कय जकातदाराची गोष्ट मला नेहमी जास्त बोलकी वाटत आली आहे. तो अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला निघतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. ज्याचं लबाडीने घेतलं त्याला चौपट परत करीन म्हणतो. दान आणि परतफेड अशी दोन वेगळी खाती त्याने उघडली. पहिल्या खात्यातून दुसरं फेडता येत नाही हे त्याला उमगलं, आणि आपल्या देणगीदारांपैकी कित्येकांना ते अजून उमगायचं आहे.

प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबा शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवतो. हनन्या आणि सप्पीरा थोडे मागे ठेवून सगळे दिले असं सांगतात आणि प्राणाला मुकतात. ही गोष्ट ऐकवून लोकांना धाक घालणारे प्रचारक एक वाक्य गाळतात. शेत तुझंच होतं, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते, असं पेत्र हनन्याला स्पष्ट सांगतो. शिक्षा खोटेपणाची होती. सक्ती तिथे नव्हती. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, तिच्याबद्दल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे अध्याय म्हणजे ख्रिस्ती दानविचाराचा पाया. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी स्वतः कंगाल असताना कुवतीबाहेर दिलं, हे तो अभिमानाने सांगतो. पण करिंथकरांना हुकूम करत नाही. माणसाजवळ जे आहे त्यावरून मोजावं, जे नाही त्यावरून नाही, असं म्हणतो. एकाला आराम आणि दुसऱ्याला ओझं नको, समता हवी, असंही म्हणतो. आणि मग एकदम व्यवहारावर येऊन एवढी मोठी रक्कम नेताना कुणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली आहेत, हे नोंदवतो. देण्याची धुंदी आणि हिशेबाची शुद्ध एकाच पत्रात आहे. वर्ध्याकडे येताना हे लक्षात ठेवायला हवं.

या सगळ्याच्या मुळाशी ख्रिस्ती माणसाची एक श्रद्धा आहे, आणि ती समजल्याशिवाय बाहेरच्या वाचकाला हा विषय नुसत्या समाजसेवेसारखा वाटेल. ख्रिस्ताने स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं आणि क्रुसावर स्वतःलाच दिलं, असं फिलिप्पैकरांच्या पत्रात आहे. यज्ञ एकदाच झाला, तो पुरेसा आहे. देवाला विकत घ्यायचं, शांत करायचं किंवा फेडायचं काही उरलं नाही. मग माणूस देतो ते कशासाठी? आपल्या मंडळ्यांत त्याला उपकारस्तुतीचं अर्पण म्हणतात. मिळालेल्याबद्दल कृतज्ञता एवढंच त्याचं कारण. रोमकरांच्या पत्रात पौल त्याहीपुढे जाऊन शरीरच जिवंत यज्ञ म्हणून द्या असं सांगतो, म्हणजे रोजचं उठणं-बसणं, काम, वेळ, सगळं. थैलीत पडतं ते त्यातलं सगळ्यात सोपं.

पुढची अठराशे वर्षं भरभर ओलांडतो, कारण त्यांच्यावर स्वतंत्र लेख आतमध्ये आहेत. चौथ्या शतकात कप्पदुकियात दुष्काळ पडला तेव्हा बासिल या धर्मगुरूने कोठारं भरून ठेवणाऱ्यांना झोडपलं. तुझ्या पेटीतलं जादा वस्त्र उघड्या माणसाचं आहे, अशी त्याची भूमिका होती. कैसरिया शहराबाहेर त्याने आजारी आणि निराधारांसाठी मोठी वसाहत उभी केली. योहान क्रिसोस्तोम सोन्याच्या प्याल्याआधी दाराबाहेर कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाहायला सांगत राहिला आणि 407 साली हद्दपारीत मेला. या परंपरेत दान म्हणजे औदार्य मुळी नव्हतंच, दुसऱ्याचं त्याला परत करणं होतं. दुसरी धारा अरण्यात गेली. इजिप्तमधला अंतोनी जमीन वाटून टाकून वाळवंटात राहिला. तेराव्या शतकाच्या आरंभी असिसीच्या फ्रान्सिसने कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा असून अंगावरचे कपडेही बापाला परत केले. तिसरी धारा कायद्याची. शार्लमेनच्या राज्यात 779 साली दशमांश सक्तीचा झाला, आणि एकदा सक्तीचा झाल्यावर तो कर झाला. फ्रान्समध्ये 1789 साली क्रांतीने तो मोडला तेव्हा शेतकऱ्यांनी अश्रू ढाळले नाहीत. पापक्षमेची पत्रं विकण्यावर ल्यूथरने 1517 साली घाव घातला, त्यामागेही हाच मुद्दा होता की कृपेचा भाव ठरवता येत नाही.

इंग्लंडात जॉन वेस्ली ऑक्सफर्डला असताना वर्षाला अठ्ठावीस पौंडांत राहायचा. मिळकत तीसवरून साठ झाली, पुढे आणखी वाढली, तरी राहणी अठ्ठावीसवरच ठेवून उरलेलं तो देत गेला. दहा टक्क्यांचं गणित त्याने उलटं करून टाकलं. पहिल्यांदा ठरवायचं ते आपल्याला किती पुरे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने एकोणिसाव्या शतकात हजारो अनाथ मुलं वाढवली आणि कुणाकडे पैसे मागितले नाहीत, फक्त प्रार्थना केली. ही गोष्ट पुण्याजवळ केडगावला कशी पोचली ते आता पाहू.

पंडिता रमाबाईंचं शारदा सदन 1889 साली मुंबईत निघालं ते अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर. असोसिएशनने दहा वर्षांची हमी घेतली होती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी म्यूलरची वाट धरली. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात, म्हणजे आपल्याच बाजूला, आल्या आणि शेकडो मुली-बायकांना केडगावला घेऊन गेल्या. त्या वेळी हातात पैसा किती, याचा विचार आधी केला असता तर निघणंच झालं नसतं. रमाबाईंच्या दानाबद्दल बोलताना आपण जमीन, इमारती आणि आकडे मोजतो. त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं घातली, आणि ते केडगावच्या बायकांनी छापलं. 1921 साली मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. हे देणं कुठल्या पावती-पुस्तकात बसत नाही.

नारायण वामन टिळकांचा धर्मांतराकडचा प्रवासही विदर्भातूनच गेला. नागपूरला आप्पासाहेब बुटींकडे ते होते, आणि नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एका गोऱ्या प्रवाशाने बायबल दिलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये मानाची जागा असताना 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. पगाराच्या दोरीने बांधलेला ख्रिस्ती धर्म इथल्या मातीत रुजणार नाही, ही त्यांची धारणा होती. टिळकांच्या त्यागावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी वाचकाला आधी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचायला सांगेन. घरातलं उचलून कुणालाही देऊन टाकणारा नवरा असला की चूल पेटवणाऱ्या बाईच्या वाट्याला काय येतं, ते त्यांनी हसत हसत लिहून ठेवलं आहे. लक्ष्मीबाईंना न विचारता झालेला तो त्याग नक्की कुणाचा, टिळकांचा की त्यांचा? मराठी ख्रिस्ती वाङ्मयातला हा सगळ्यात अवघड प्रश्न एका बाईने विनोदातून विचारला, आणि आपण विनोदावर हसून पुढे गेलो.

विदर्भातल्या मिशनचा इतिहासही देण्याच्या गोष्टीनेच सुरू होतो. कामठीच्या छावणीतल्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दिलेल्या पैशावर स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं काम नागपुरात उभं राहिलं आणि 1845 साली स्टीफन हिस्लॉप आले. त्यांनी शाळा काढल्या, इथले दगड आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांच्या परंपरा टिपून ठेवल्या. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. आपला जीव इथे गेला, यापलीकडे माणूस काय देणार? तरी तो पहिला पैसा लष्कराच्या पगारातला होता आणि लष्कराचा पगार इथल्याच रयतेच्या साऱ्यातून निघत होता, हेही खरं. हिस्लॉपचं मोठेपण त्याने कमी होत नाही. हिशेब मात्र लांबतो.

हा लांबणारा हिशेब कुणी नेटाने मांडला असेल तर तो वर्ध्यात राहिलेल्या एका ख्रिस्ती हिशेबतपासनिसाने. जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस यांचा जन्म 1892 साली तंजावरच्या एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला लेखापालाचं शिक्षण, मुंबईत भागीदारीत लेखापरीक्षणाची पेढी, मग अमेरिकेत सिराक्यूज आणि कोलंबिया. कोलंबियाला भारताच्या सरकारी तिजोरीचा अभ्यास करताना हा देश गरीब का, याचं उत्तर त्यांना आकड्यांत सापडलं. 1929 साली ते साबरमतीला गांधीजींना भेटले. घराण्याचं जुनं नाव परत घेऊन ते जे. सी. कुमारप्पा झाले. डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि कुमारप्पा त्याचे मंत्री म्हणून मगनवाडीत राहायला आले. मगनवाडीची जागा जमनालाल बजाजांनी दिलेली. घाणी, हातकागद, मधमाश्या, हातसडीचे तांदूळ, वनस्पती तेलावर जळणारा मगन दिवा, असा तिथला संसार. डिसेंबर 1938 मध्ये उघडलेलं मगन संग्रहालय आजही उभं आहे, आणि वर्धेकरांपैकी किती जणांनी ते आतून पाहिलं आहे हे विचारायला नको.

कुमारप्पांनी 1942 नंतरच्या तुरुंगवासात जबलपूरला पुस्तकं लिहिली. त्यांतलं ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ अर्थशास्त्राचं म्हणून गाजलं, आणि ‘प्रॅक्टिस अँड प्रीसेप्ट्स ऑफ जीझस’ धर्माचं म्हणून कपाटात गेलं. खरं तर ही दोन्ही पुस्तकं एकाच माणसाने एकाच प्रश्नावर लिहिली आहेत. पहिल्यात त्यांनी जगण्याच्या पायऱ्या मांडल्या. आमराईत शिरून न लावलेली फळं खाणारं माकड खालच्या पायरीवर, पोळ्यासाठी मध जमवणाऱ्या माश्या त्याच्या वर, आणि परतफेडीची आशा न ठेवता पिल्लाला भरवणारी पक्षीण सगळ्यात वर. सेवेची ही शेवटची पायरी म्हणजे त्यांनी वाचलेलं शुभवर्तमान. ख्रिस्ताचं अनुकरण रविवारी थैलीपाशी सुरू होत नाही. सोमवारी बाजारात कुठला माल घेतो, तो कुणाच्या मजुरीवर तयार झाला, इथे ते सुरू होतं, असा त्यांच्या लिखाणाचा निष्कर्ष निघतो. पिळवणुकीतून आलेल्या रुपयातले दहा पैसे देवाला दिले तर देव त्या पिळवणुकीत दहा पैशांचा भागीदार होत नाही, असं मी माझ्या शब्दांत म्हणेन.

आणि हिशेबाची शुद्ध. जानेवारी 1934 च्या बिहार भूकंपानंतर राजेंद्रबाबूंच्या मदत समितीचे हिशेब कुमारप्पांकडे होते. स्वयंसेवकाला रोजचे तीन आणे, एवढा खर्च त्यांनी ठरवून दिला. गांधीजी आणि त्यांची मंडळी आली तेव्हा त्यांच्या खाण्याचा आणि मोटारीचा खर्च मदत निधीतून मिळणार नाही, असं त्यांनी गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांना सांगितलं, आणि गांधीजींनी ते मान्य केलं. पौलाने करिंथकरांना लिहिलेली काळजी पाटण्यात अशी अवतरली. लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलेला पैसा सांभाळणं हेही त्याच त्यागाचं एक अंग आहे, हे आपल्या संस्थांनी इथून शिकायला हवं होतं. मिशनच्या जुन्या जमिनी आणि बंगले यांचे व्यवहार ज्या तऱ्हेने कोर्टात लोळत पडले आहेत, ते पाहता फार थोडं शिकलो.

कुमारप्पा वर्ध्यात एकटे नव्हते. भाऊ भारतन तिथेच काम करत होते. सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघाचे आर्यनायकम सिलोनच्या तमिळ ख्रिस्ती घरातले. राजकुमारी अमृत कौर यांच्या वडिलांनी ख्रिस्ती होऊन कपूरथळ्याच्या गादीवरचा हक्क गमावला होता; लेक गांधीजींची चिटणीस म्हणून सेवाग्रामच्या झोपडीत राहिली, पुढे देशाची पहिली आरोग्यमंत्री झाली. केरळचे सीरियन ख्रिस्ती एस. के. जॉर्ज यांनी सत्याग्रहाला पाठिंबा दिला आणि कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजातली नोकरी 1932 साली सोडली, ते नंतर वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजात शिकवू लागले. यांतलं कुणी मराठी नाही, कुणी पाळक नाही. त्यांनी दिलं ते मुख्यतः स्थान, नाव, चर्चमधली पत. पैशापेक्षा हे सोडणं जड जातं. ज्या चर्चमध्ये वाढलो त्याच चर्चने संशयाने पाहावं, ही किंमत जॉर्ज आणि कुमारप्पा दोघांनीही मोजली.

जॉर्ज यांच्याबद्दल एक गोष्ट टाळता येत नाही. 1954 साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचे एकमेव ख्रिस्ती सदस्य वर्ध्याचे प्रा. जॉर्ज होते. 1956 सालच्या अहवालाने परदेशी पैसा, दवाखाने आणि शाळा यांच्या आडून धर्मांतर होतं असा ठपका ठेवला. ख्रिस्ती समाज दुखावला. जॉर्ज यांच्यावरचा राग काहींच्या मनात शेवटपर्यंत राहिला. त्या अहवालाचे पुष्कळ निष्कर्ष मला मान्य नाहीत. दुष्काळात ज्यांनी मुलं जगवली त्यांच्या हेतूवर सरसकट शिक्का मारणं अन्यायाचं आहे. पण दिलेल्या भाकरीला दोरी बांधलेली होती का, हा प्रश्न चर्चने स्वतःला आधी विचारायला हवा होता, सरकारने विचारेपर्यंत थांबायला नको होतं. दोरी असेल तिथे दान संपतं आणि सौदा सुरू होतो. हे येशूच्या शिकवणीवरूनच सिद्ध होतं, त्याला नियोगी लागत नाहीत.

वर्ध्यात देण्याचा विचार करणाऱ्याला शेजारच्या परंपरा ओलांडून जाता येत नाहीत. ओडिशात एका म्हातारीने गांधीजींना तांब्याचं नाणं दिलं आणि चरखा संघाचे खजिनदार असूनही जमनालालजींना ते मिळालं नाही, गांधीजींनी स्वतःजवळच ठेवलं, ही सांगितली जाणारी गोष्ट ऐकताना ख्रिस्ती माणसाला दोन टोल्या आठवतातच. पवनारच्या विनोबांनी 1951 साली पोचमपल्लीला भूदान सुरू केलं आणि जमीनदाराकडे सहावा हिस्सा मागितला. याच विनोबांनी ख्रिस्ती धर्मग्रंथांतली निवडक वचनं एकत्र करून त्यांचं सार काढलं. कुष्ठरोग्यांची सेवा या देशात मिशनऱ्यांनी अंगावर घेतली होती. 1936 साली मनोहर दिवाण दत्तपूरला तेच काम घेऊन उभे राहिले. कुणी कुणाकडून घेतलं याची नोंद ठेवण्यात मला रस नाही, पण ही देवाणघेवाण नीट अभ्यासली गेली पाहिजे, आणि संग्रहातला एक लेख तसा प्रयत्न करतो.

आता हे पुस्तक आजच का, ते सांगतो. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या. आपल्या पायावर उभं राहणारं चर्च, हे तेव्हाचं स्वप्न होतं. परदेशी पैशाचा ओघ त्यानंतर आटत गेला. 2010 चा परकीय अंशदानाचा कायदा आणि 2020 ची दुरुस्ती यांनी उरलासुरला मार्गही अरुंद केला. म्हणजे आता खरोखरच मंडळीने द्यायचं आहे. मंडळीत कोण आहे? निवृत्त शिक्षक, परिचारिका, एमआयडीसीतला कामगार, कापूस-सोयाबीनवाला कास्तकार आणि त्याच्याकडे वेचणीला जाणारी बाई. थैलीशेजारी आता क्यूआर कोडही चिकटवलेला असतो. कापणीच्या सणाला भोपळे, तुरीच्या शेंगा, कोंबड्या, अंडी येतात, उपासनेनंतर लिलाव होतो, आणि एकच कोंबडी तीनदा विकली जाते कारण घेणारा ती पुन्हा देऊन टाकतो. या हसण्या-खिदळण्यात मला प्रवचनांपेक्षा जास्त ईश्वरविज्ञान दिसतं.

त्याच मंडळीच्या मोबाइलवर मात्र दुसरा प्रचारक बोलत असतो. आज हजार पेर, वर्षात शंभरपट उगवेल, कर्ज फिटेल, पोरीचं लग्न होईल. ज्या जिल्ह्यात बियाण्याने आणि पावसाने कास्तकाराला इतक्यांदा फसवलं, तिथे देवाच्या नावाने तिसरं फसवं बियाणं विकणं याला मी सौम्य शब्द वापरणार नाही. दुसऱ्या टोकाला दलित ईश्वरविज्ञान आहे. 1981 साली बंगळूरला अरविंद निर्मळ यांनी ज्या चर्चेला तोंड फोडलं, तिच्यातून त्यागाच्या सगळ्या भाषेवरच प्रश्न उभा राहिला. ज्यांच्याकडून पिढ्यानपिढ्या सगळं हिसकावून घेतलं गेलं त्यांना पुन्हा त्यागाचा उपदेश करायचा? क्रूस खांद्यावर लादणं आणि तो आपणहून उचलणं यांतला फरक कोण सांगणार? महाराष्ट्रातल्या बहुसंख्य मंडळ्या ज्या समाजांतून आल्या ते पाहता, हा आवाज या पुस्तकात नसता तर मी प्रस्तावना लिहायला होकार दिला नसता.

संपादकांनी सगळं मावेल असा आव आणलेला नाही. वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक परंपरेवर इथे फार थोडं आहे. ती परंपरा सोळाव्या शतकापासूनची आहे आणि तिला वेगळं पुस्तक लागेल. धर्मभगिनींच्या दारिद्र्यव्रतावर अधिक हवं होतं. पाळकांच्या अपुऱ्या पगारावर कुणी लिहिलंच नाही, कदाचित लिहिणाऱ्यांत पाळक बरेच असल्यामुळे. उलट मंडळ्यांच्या हिशेबवह्या कशा वाचाव्यात यावरचा लेख कोरडा वाटेल म्हणून कुणी गाळू नये. कुमारप्पांनंतर हे काम मराठीत कुणी करायला घेतलं याचाच मला आनंद आहे.

शेवटच्या भागात दोन लेख एकमेकांविरुद्ध उभे आहेत. कर्जात असलेल्या कास्तकाराने दशमांश द्यावा का, हा विषय. एक लेखक म्हणतो, द्यावा, कारण मासेदोनियाच्या गरिबांना पौलाने देण्यापासून अडवलं नाही. गरिबाचा देण्याचा हक्क काढून घेणं म्हणजे त्याला कायमचा घेणारा ठरवणं. दुसरी लेखिका म्हणते, सावकाराचं व्याज चढत असताना थैलीत पडलेला पैसा हा त्या घरातल्या बाईच्या आणि मुलांच्या ताटातला आहे, आणि मंडळीने तो घेण्याआधी त्याच्या कर्जाची चौकशी करावी. सातव्या वर्षीचा नियम तेच सांगतो. संपादकांनी दोघांना समोरासमोर ठेवून निकाल दिलेला नाही. माझा कल लेखिकेकडे आहे, पण पहिल्या लेखकाने सांगितलेला गरिबाचा देण्याचा हक्क मला खोडून काढता आलेला नाही.